कॉम्प्युटर फास्ट करून देतो, पण...

आंब्याच्या दिवसांत आमच्या रत्नागिरीत स्कूटरच्या पायाशी काय दिसेल ह्याचा नेम नाही. पेटी असते, पेंढ्याचा भारा असतो, क्वचित एखादा फणसही असतो. पण गेल्या रविवारी भाचा आला तो पायाशी कॉम्प्युटर घेऊन. खाली पेंढा, वर गोणपाट, आणि नाचण्यापासून आमच्या घरापर्यंत गुडघ्याने सांभाळत आणलेला तो काळा डबा. दारातूनच म्हणाला, "मामा, हा फास्ट करून दे. ह्याच्यापायी बुडतोय मी."

मी बँकेत होतो. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा मॅनेजरसकट सगळे त्यांना हात लावायला घाबरत होते आणि मी लावला. एवढ्या भांडवलावर गेली तीसएक वर्षं मी खानदानातला 'कॉम्प्युटरवाला मामा' आहे. कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाचे फोटो उडाले, की मला बोलावणं येतं. मोबदल्यात चहा आणि पोहे. त्याबद्दल तक्रार नाही.

पण ह्या वेळचं "बुडतोय" हे खरं बुडणं होतं. भाचा गेल्या दिवाळीपासून हिशेबनिसाची नोकरी सोडून घरी बसून ऑप्शनचे सौदे करतो. सकाळी सव्वानऊला बसतो तो साडेतीनला उठतो. खिशातून त्याने एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. 'ट्रेडिंग पीसी'चं कोटेशन होतं. चार स्क्रीन, ३२ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, शिवाय बसायला रेसच्या गाडीत असते तसली खुर्ची. सगळं मिळून १ लाख ६५ हजार.

"तू हा फास्ट करून दिलास तर ठीक. नाहीतर हे घेणार."

"पैसे?"

"आई बांगड्या देत्ये म्हणाली. गोल्ड लोन काढतो. सहा महिन्यांत सोडवतो ना मामा!"

त्या बांगड्या आमच्या आईच्या. म्हणजे बहिणीला लग्नात घातलेल्या. मी कागद घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवला आणि आधी स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेलो. राग आला की हाताला काम द्यावं.

तर मंडळी, आजचं माझं भांडण त्या "ह्याच्यापायी" ह्या शब्दाशी आहे. पण भांडणाआधी कॉम्प्युटर. कारण तो खरोखरच आजारी होता, आणि दुखणं खरं असताना पेशंटला प्रवचन देऊ नये.

डबा उघडला तर प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचं कांबळं आणि त्यात एक वाळलेली पाल. आमच्याकडची खारी हवा, त्यात एप्रिलचा उकाडा. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो. म्हणजे अर्धा दोष पालीचा! आत जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी, आणि तिच्यावरची माहिती वाचायला इकडून तिकडे धावणारी सुई. प्रत्येक तुकडा शोधायला तिला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, आणि एसएसडीला त्याच कामाला त्याचा शंभरावा हिस्सा. रॅम ४ जीबी. त्यात ब्राउझरमध्ये अडतीस टॅब उघडे. (मी मोजले.) रॅम भरली की कॉम्प्युटर उरलेलं सामान त्या सुईवाल्या डिस्कवर नेऊन ठेवतो आणि मग प्रत्येक क्लिकला माळ्यावरून ट्रंक काढावी तसा कुंथतो. एकमेकांच्या उरावर बसलेले दोन अँटीव्हायरस. आणि सगळ्यावर कडी म्हणजे 'पीसी बूस्टर' जातीची तीन फुकट सॉफ्टवेअर.

ह्या तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र जरा ओरडूनच सांगतो. ज्या मशीनवर तुमचं डीमॅट आणि बँक उघडते, त्या मशीनवर 'एका क्लिकमध्ये फास्ट' म्हणणारं काहीही टाकू नका. ते आत काय करतं, तुम्ही टाइप केलेलं कुठे पाठवतं, हे तुम्हाला कळत नाही. चोरीच्या विंडोजचं तेच. भाच्याकडे तीच होती, विंडोज १०. तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. वाढीव मुदत घेणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत होती, पण चोरीच्या मालाला कसली मुदत! विंडोज ११ एवढ्या जुन्या मशीनवर रीतसर चढत नाही. दाराला कडी नाही आणि आपण मात्र वाऱ्यासाठी खिडकी मोठी करतोय, अशातला प्रकार.

मी काय केलं ते थोडक्यात. पंखा साफ करून प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. जुन्या रॅमच्या जोडीला ४ जीबीची आणखी एक पट्टी. विंडोज पुसून लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, रीतसर आहे, आणि सौद्यांची साइट ब्राउझरमध्ये तिथेही तशीच चालते. सौद्यांसाठी वेगळा ब्राउझर, त्यात बाकी काही उघडायचं नाही. वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढायला सांगितली. वळवाच्या विजा आता येतीलच, तेव्हा कॉम्प्युटर आणि राउटर दोन्हीला यूपीएस. सगळा खर्च त्या कोटेशनमधल्या खुर्चीपेक्षा कमी. पूर्वी सुरू व्हायला चार मिनिटं लागत, आता अर्ध्या मिनिटात उभा राहतो.

भाचा खूश झाला. म्हणाला, "बघ मामा, आता बघ कसा फायदा होतो!"

आणि इथे माझी सटकली.

मी म्हटलं, बस. तुझे आत्तापर्यंतचे सगळे कॉन्ट्रॅक्ट नोट काढ. आपण दोघं हिशेबाची माणसं, हिशेब करू. तो आधी कुरकुरला, पण बसला. दिवाळीपासूनचे १८२ सौदे निघाले. एकूण तोटा ८६ हजार. मी वहीत दोन रकाने आखले. पहिला, 'कॉम्प्युटर अडकला म्हणून तोटा'. दुसरा, 'बाकी सगळं'. आणि एकेक सौदा विचारत गेलो. हा का घेतलास? का विकलास? तेव्हा कॉम्प्युटर अडकला होता का? त्याला आठवत होतं बरं का सगळं! बुडालेला सौदा माणूस विसरत नाही.

दोन तासांनी पहिल्या रकान्यात तीन सौदे जमले. तीन! त्यातल्या एकात तर विकायचं बटण लागलं नाही म्हणून पाच मिनिटांनी चांगला भाव मिळाला होता. उरलेले १७९ दुसऱ्या रकान्यात. कुणी तरी व्हिडिओत सांगितलं म्हणून घेतलेले. सकाळचा तोटा दुपारी भरून काढायला म्हणून दुप्पट केलेले. एक्स्पायरीच्या दिवशी 'पाच रुपयांचा पन्नास होतो' ह्या आशेवर धरून ठेवलेले आणि शून्य झालेले. शिवाय घेणं-विकणं मिळून ३६४ ऑर्डर, प्रत्येकी २० रुपये दलाली म्हणजे ७,२८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. इतर कर आणखी वेगळे. हे पैसे तो जिंकला काय आणि हरला काय, जाणारच होते. कॉम्प्युटर वेगवान झाला की ह्या आकड्याचा वेग तेवढा नक्की वाढतो.

भाचा काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, स्लिपेज? मी क्लिक करतो तेव्हा एक भाव असतो आणि मिळतो भलताच."

मुद्दा बरोबर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. बाजारभावाने ऑर्डर टाकली की समोर जो भाव उभा असेल तो पदरात पडतो. ज्या ऑप्शनला गिऱ्हाईक कमी, तिथे समोरचा भाव लांबच उभा असतो. ह्यावर औषध रॅम नाही, लिमिट ऑर्डर आहे. म्हणजे 'ह्या भावाला मिळालं तर द्या, नाहीतर नको' असं आधीच सांगणं. आणि अडकलेल्या कॉम्प्युटरमुळे तोटा थांबवता आला नाही ही भीती असेल, तर सौदा झाल्याझाल्या स्टॉपलॉस टाकावा. तो आपल्या टेबलावर बसत नाही, एक्स्चेंजच्या मशीनमध्ये जाऊन बसतो. मग इथे वीज जावो, कॉम्प्युटर बंद पडो, तो आपलं काम करतो. (स्टॉपलॉसलाही लिमिट असली आणि भाव उडी मारून पुढे गेला तर तो सुटतो, हेही लक्षात ठेवावं.) ब्रोकरचा फोन नंबर भिंतीवर चिकटवावा आणि मोबाइलवर ॲप तयार ठेवावं. एवढं केलं की घरच्या कॉम्प्युटरचं सौद्यातलं काम संपलं. त्याच्यापुढे त्याच्याकडून वेग मागणं म्हणजे बैलाला पुराण सांगणं.

का, ते सांगतो. जरा आकडेमोड आहे, पण माझ्याबरोबर या.

मुंबई आमच्यापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे रस्त्याकडेने सरळ एकच तार ओढली, मध्ये कुठेही थांबा नाही असं धरलं, तरी भाच्याची ऑर्डर मुंबईला पोचायला पावणेदोन मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात ती आधी इंटरनेट कंपनीच्या गल्लीबोळांतून ब्रोकरच्या मशीनला जाते, तिथे पैसे आहेत की नाहीत ते तपासलं जातं, मग पुढे जाते. म्हणजे ह्याच्या कित्येक पट. आणि त्याच्याही आधी भाच्याच्या डोळ्यांनी भाव बघून बोटाने बटण दाबायला पाव सेकंद घालवलेला असतो. पाव सेकंद म्हणजे अडीचशे मिलिसेकंद. कॉम्प्युटर उद्या इस्रोकडून आणला तरी हे पाव सेकंद आणि हे साडेतीनशे किलोमीटर काही कमी होत नाहीत.

आता पलीकडे कोण बसलंय ते पाहा. राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, २००९ पासून ब्रोकरांना आपलं मशीन एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याने ठेवायची सोय दिली. त्याला को-लोकेशन म्हणतात. तिथली स्पर्धा मायक्रोसेकंदांत चालते, आणि एका मिलिसेकंदात हजार मायक्रोसेकंद असतात. तिथे बटण दाबायला बोट नाही. प्रोग्रॅमच भाव वाचतो आणि प्रोग्रॅमच सौदा करतो.

एवढं जवळ बसूनही ती मंडळी समाधानी होती का? छे! जानेवारी २०१५ मध्ये एका निनावी जागल्याने सेबीला पत्र लिहिलं, आणि को-लोकेशनचं प्रकरण बाहेर आलं. त्या काळी भावांची माहिती सर्व्हरवरून जोडणीच्या क्रमाने एकेकाला मिळायची. म्हणजे सकाळी जो आधी लॉगिन करील त्याला आधी. मग कोण आधी जोडला जातो ह्यावर चढाओढ! सेबीने एप्रिल २०१९ मध्ये एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासकट भरायला सांगितले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती भरपाई रद्द करून १०० कोटींवर आणली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून सेबीनेच तो आरोप निकालात काढला. कायद्याने कोण दोषी, कोण नाही, ह्यात मला इथे पडायचं नाही. मला त्यातली एकच गोष्ट दिसते. एका आवारात शेजारीशेजारी ठेवलेल्या मशीनांमध्ये 'आधी कोण' ह्यावरून वर्षानुवर्षं खटले चालले. आणि नाचण्याच्या खोलीत बसलेला आमचा पोरगा म्हणतो, ३२ जीबी रॅम घेतो आणि त्यांना गाठतो.

हे कुणी सांगितलं त्याला? त्याचं त्याला नाही सुचलं. हे विकलं जातं. व्हिडिओतला मनुष्य सहा स्क्रीनपुढे बसून बोलतो, कारण सहा स्क्रीन बघितल्या की त्याला काही तरी कळतंय असं वाटतं. खाली लिंक असते, क्लासची, नाहीतर खातं उघडायची, नाहीतर त्या कॉम्प्युटरची. त्याचं उत्पन्न त्या लिंकवर चालतं. ब्रोकरला ऑर्डरमागे पैसे, त्याला तुम्ही सावकाश विचार केलेला परवडत नाही. दुकानदाराला स्क्रीन खपवायच्या आहेत. सगळ्यांचं पोट तुमच्या घाईवर आहे, आणि तुम्ही हरलात की सगळे मिळून एकच कारण पुरवतात: तुमची साधनं कमी पडली. म्हणजे हरल्यावरसुद्धा पुन्हा गिऱ्हाईक!

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये ह्या फ्युचर-ऑप्शनच्या व्यवहारांचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत १ कोटीहून जास्त सामान्य माणसांनी हे सौदे केले, त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा उरलेले किती? १ टक्का. आणि समोरच्या बाजूला २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी ह्यात जो नफा मिळवला त्यातला ९७ टक्के, आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाली संस्थांच्या नफ्यातला ९६ टक्के, प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांतून आला. पुढच्या वर्षीचा हिशेब जुलै २०२५ मध्ये आला. ९१ टक्के लोक तोट्यात, आणि एकूण तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी.

त्याच २०२४ च्या अहवालातल्या आणखी तीन गोष्टी मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. २०२३-२४ मध्ये हे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के, आदल्या वर्षी ते ३१ टक्के होते. पाच लाखांहून कमी वार्षिक उत्पन्न सांगणारे ७५ टक्क्यांहून जास्त. आणि पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे ७२ टक्क्यांहून जास्त. म्हटलं, वय सत्तावीस, उत्पन्न तू जाणतोस, आणि गाव रत्नागिरी. हा तुझाच फोटो आहे की नाही बघ.

माझ्या वडिलांकडे थोडे शेअर होते. त्यांना भाव कळायचा तो मुंबईचा पेपर एसटीने दुपारी आला की, म्हणजे आदल्या दिवशीचा. विकायचं तर मुंबईच्या दलालाला पत्र. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दलालाने खरा भाव दिला की नाही हे कळायची सोय नव्हती, सर्टिफिकेटं टपालात गहाळ व्हायची, १९९२ चा घोटाळा त्याच व्यवस्थेत झाला. १९९४ मध्ये एनएसईवर शेअरचे सौदे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले आणि २००० मध्ये ते इंटरनेटवरून घरी आले, ह्याने सामान्य माणसाचं भलंच झालं. भाव सगळ्यांना दिसू लागला. पण भाव दिसणं वेगळं आणि शर्यतीत उतरणं वेगळं. पडद्याने आपल्याला खिडकी दिली होती. आपण ती खिडकी म्हणजे मैदानाचं दार समजून उडी मारली.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय, असं भाचा म्हणालाच. त्याला माहीत आहे. तेव्हा तुम्हालाही सांगून टाकतो.

२१ जानेवारी २००८, सोमवार. सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी उघडताक्षणीच इतका पडला की बाजार तासभर बंद ठेवावा लागला. त्या दोन्ही दिवशी मी रजा टाकून घरी कॉम्प्युटरपुढे होतो. २५६ एमबी रॅम, तिकडे साइटवर ही गर्दी, आणि माझ्या पडद्यावर वाळूचं घड्याळ. विकायचं होतं ते विकता आलं नाही. मी त्या मशीनला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फेब्रुवारीत कर्ज काढून नवा घेतला. काय पळायचा! दिवसाला वीस-वीस सौदे करू लागलो. ऑक्टोबरात सेन्सेक्स आठ हजारांच्या खाली गेला तोवर मुलाच्या इंजिनिअरिंगला ठेवलेले पैसे त्या वेगवान मशीनवरून, एकदाही न अडकता, निघून गेले. मुलाला शैक्षणिक कर्ज काढावं लागलं. बायको त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जड आहे. आणि गंमत बघा, जुन्या कॉम्प्युटरने हँग होऊन जे शेअर मला विकू दिले नाहीत, तेवढेच उरले. काही वर्षांत ते सावरले. आजही आहेत.

ह्यावरून हँग होणारा कॉम्प्युटर बाळगा असा सल्ला मी देत नाहीये. खराब मशीन खराबच. पण मी वेगाचं औषध घेऊन पाहिलेलं आहे. रोग त्या डब्यात नव्हता.

आणि वेगाचं म्हणाल तर २४ फेब्रुवारी २०२१ ला खुद्द एनएसईचे सौदे पावणेबाराच्या सुमारास थांबले ते पावणेचारला सुरू झाले. त्या चार तासांत १ लाख ६५ हजारांचा पीसी आणि आमचा पालवाला पीसी ह्यांची किंमत एकच होती.

आमच्या मिरकरवाडा बंदरावर हेच भांडण वेगळ्या रूपात मी बरीच वर्षं बघतोय. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका आल्या, मग समुद्रात एलईडीचा लखलखाट करून मासे गोळा करणं आलं, आणि छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात येणं कमी झालं. तेव्हा पारंपरिक मच्छीमार काय म्हणाले? 'आमचं वल्हं हलकं करून द्या, मग आम्ही बरोबरी करतो' असं कुणी म्हणालं नाही. ते म्हणाले, नियम करा. मोर्चे काढले, पाठपुरावा केला. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. पाळली किती जाते हा वेगळा, आणि कडू विषय. पण त्या माणसांनी प्रश्न बरोबर ओळखला. त्यांची कमी वल्ह्याची नव्हती.

शेअर बाजारात हे असं घडत नाही, कारण इथला प्रत्येक जण खोलीत एकटा हरतो आणि कॉम्प्युटरला शिव्या देतो. सेबीने थोडं केलं. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला आठवड्याची एकाच निर्देशांकाची एक्स्पायरी, आणि लॉटची किंमत पाच-दहा लाखांवरून किमान पंधरा लाख. तेव्हा आरडाओरडा कुणी केला? आमच्याच पोरांनी! 'आम्हाला खेळू देत नाहीत' म्हणून. पुढे जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट ह्या अमेरिकी कंपनीवर निर्देशांक वरखाली केल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये अडकवले. आदेश अंतरिम होता आणि कंपनीने आरोप नाकारले. ते काय ठरायचं ते ठरेल. पण एवढ्या आकाराची माणसं पलीकडे बसलेली आहेत, हे तरी कळायला हरकत नव्हती.

संध्याकाळी भाच्याने डबा पुन्हा पेंढ्यावर ठेवला. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तीन महिने एकही ऑप्शन न घेता, घ्यावासा वाटला की वहीत लिहायचा. वेळ, भाव, कारण. तीन महिन्यांनी वही घेऊन ये. वहीत फायदा असेल तर मी स्वतः तुला त्या चार स्क्रीन घेऊन देतो. दोन, बांगड्या कपाटाबाहेर काढायच्या नाहीत. आणि शेअर घ्यायचेच असतील तर चांगल्या कंपनीचे थोडे घे आणि वर्षाने बघ. त्याला हा कॉम्प्युटर पुरून उरेल, पालीसकट पुरला असता.

तो म्हणाला, "मामा, तू घाबरलेला माणूस आहेस."

म्हटलं, होय.

मग त्याने स्कूटरला किक मारली आणि गेला. वही नेली, हे सांगायला हवं. त्या कोटेशनच्या कागदाबद्दल मात्र त्याने विचारलं नाही आणि मीही आठवण केली नाही. तो अजून चष्म्याच्या डबीखाली आहे. काल रात्री बहिणीचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून शेवटी मी विचारलंच, बांगड्या?

म्हणाली, "आहेत अजून."

हा 'अजून' काही मला बरा वाटला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्याही घरात कुणी "ह्याच्यापायी बुडतोय" म्हणत डबा घेऊन आला, तर जरूर फास्ट करून द्या. पण स्क्रू आवळायच्या आधी वही मागा, आणि दोन रकाने आखा.

असो. पेट्या भरायच्या राहिल्यात.